गोव्याच्या खाणीवर नव्याने रुजू होताना: धूळ, आवाज आणि उकाडा यांपासून कामगाराला कसे जपावे

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी उघड्या आहेत. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत जमिनीवरचा चिऱ्याचा आणि मातीचा थर काढून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जायचे, ही इथली पद्धत आहे. बोगद्यातील कोंडलेली हवा इथे नाही, म्हणून ‘मोकळ्यावरचे काम आहे, वारा धूळ घेऊन जातो’ असे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतो. वारा धूळ घेऊन जातो हे खरे. परंतु ती कोणाच्या नाकाकडे घेऊन जातो, हे कोणी पाहत नाही.

हा लेख खाणीच्या सुरक्षा विभागात, मेट (कामगारांच्या तुकडीवर देखरेख ठेवणारा) म्हणून किंवा खाणीच्या दवाखान्यात आरोग्य सहायक म्हणून नुकतेच रुजू झालेल्यांसाठी आहे. क्रम मुद्दाम कामाच्या ओघाने ठेवला आहे. मास्कचा विषय तुम्हाला बराच खाली सापडेल, कारण तो तिथेच असायला हवा.

आधी आठवडाभर नुसते पाहावे

पहिल्या आठवड्यात हातात कोणतेही यंत्र घेऊ नये. वही घ्यावी आणि प्रत्येक कामाच्या जागी, काम करणारा माणूस जिथे उभा असतो किंवा बसतो तिथेच, निदान अर्धा तास उभे राहावे. जीपमधून दिसणारी खाण आणि टिप्परमागे झेंडा घेऊन उभ्या असलेल्या मदतनिसाला दिसणारी खाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत चार गोष्टी लिहाव्यात: काम कोणते, ते किती वेळ चालते, त्यातून काय निघते (धूळ, आवाज, हादरे, धूर, ऊन, घाण पाणी) आणि ते काम आणखी कोण करते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कंत्राटदाराची माणसे, मालवाहू ट्रकांचे चालक आणि धक्क्यावर बार्ज भरणारे कामगार हमखास सुटतात, कारण त्यांची नावे खाणीच्या हजेरीपटात नसतात. त्यांची वेगळी यादी पहिल्याच आठवड्यात करावी.

खाणीतील सर्वांत धुळीची जागा बहुधा खड्ड्यात नसते, हेही याच आठवड्यात लक्षात येईल. प्रयोगशाळेशेजारी खनिजाचे नमुने वाळवून, फोडून, दळून भुकटी करण्याची एक छोटी खोली असते. तिथे एक-दोन माणसे दिवसभर बसतात आणि पंखा डोक्यावर फिरत असतो, म्हणजे बसलेली भुकटी पुन्हा उडवत असतो. दुसरी अशी जागा गॅरेज. डंपरचा एअर फिल्टर काढून टायरवर आपटायचा आणि मग कॉम्प्रेसरच्या नळीने फुंकायचा, ही सवय मी जवळजवळ सगळीकडे पाहिली आहे. शिफ्ट संपताना त्याच नळीने अंगावरचे कपडे झटकणारेही असतात. दाबाखालची हवा अंगावर घेणे स्वतंत्रपणे धोक्याचे आहे, आणि दिवसभर टाळलेली धूळ त्या दोन मिनिटांत नाकात जाते. या दोन्ही गोष्टी त्याच दिवशी थांबवता येतात. त्यासाठी मोजमापाची वाट पाहू नये. कपड्यांसाठी शोषक यंत्र आणि फिल्टरसाठी बंद पेटी एवढे साहित्य पुरते.

कोणती धूळ किती वाईट

लाल धूळ दिसते म्हणून तिची भीती वाटते. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसणारे कण बरेचसे नाकात आणि घशातच अडकतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण साधारण ५ मायक्रॉनच्या आतले असतात, म्हणजे केसाच्या जाडीचा पंधरावा भागही नाही. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून ‘आज धूळ नाही’ असे डोळ्यांनी पाहून कधीही लिहू नये.

दुसरा प्रश्न धुळीत काय आहे हा. नुसत्या लोहाच्या धुळीने होणाऱ्या विकाराला सिडेरोसिस म्हणतात. त्यात एक्स-रेवर डाग दिसतात, पण फुप्फुसाचे काम सहसा फारसे बिघडत नाही. खरा शत्रू स्फटिकरूप सिलिका, म्हणजे गारेचा अंश. गोव्यातील लोहखनिज ज्या पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइट खडकातून आले, त्या खडकातच गार आहे. माल मऊ असेल तिथे ती कमी आढळते, आणि कठीण पट्टा लागला की वाढते. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि धुळीतून बाहेर काढल्यावरही तो वाढत राहू शकतो. त्यात क्षयाचा धोका वाढतो, आणि सिलिका कर्करोगकारक म्हणूनही वर्गीकृत आहे. दक्षिणेकडील काही भागांत मालात मँगनीज असते. ते श्वासावाटे दीर्घकाळ जात राहिल्यास मेंदूवर परिणाम होतो. चिडचिड, झोपेच्या तक्रारी, बारीक होत गेलेले हस्ताक्षर, अडखळती चाल अशा खुणांनी त्याची सुरुवात होते, आणि या खुणा कोणी खाणीशी जोडत नाही. म्हणून भूगर्भतज्ज्ञाकडे जाऊन पुढील तीन महिन्यांत कोणत्या पायरीवर कोणता खडक लागणार आहे हे विचारून घ्यावे. हा प्रश्न आरोग्य विभागाकडून त्याला बहुधा कोणी विचारलेला नसतो.

मोजमाप: पंप कोणाच्या पट्ट्याला लावायचा

धूळ मोजण्यासाठी कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतराच्या आत, सायक्लोन बसवलेला फिल्टर लावतात. सायक्लोन जाड कण खाली पाडतो आणि फक्त बारीक धूळ फिल्टरवर जमते. पूर्ण शिफ्टभर पंप चालला पाहिजे. सकाळी आणि संध्याकाळी हवेचा प्रवाह तपासून दोन्ही आकडे लिहिले पाहिजेत.

माझ्या पहिल्या वर्षातली चूक सांगतो. ‘पंप नवा आहे, हरवेल’ या भीतीने मी तो पर्यवेक्षकाच्या पट्ट्याला लावला. पर्यवेक्षक दिवसातले सहा तास काचा लावलेल्या जीपमध्ये होता. निकाल फार सुंदर आला, आणि माझ्याखेरीज सर्वांना आवडला. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत वाईट जागी, सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या माणसाला पंप लावायचा. आपल्याकडे तो दिवस फेब्रुवारी ते मे या काळातला असतो. ऑगस्टमधल्या मोजमापाने नियम पाळल्याचा कागद तयार होईल, माहिती काही मिळणार नाही.

आता हिशेब. समजा पंपाचा प्रवाह मिनिटाला २.२ लिटर आणि शिफ्ट ४८० मिनिटांची. एकूण हवा १,०५६ लिटर, म्हणजे १.०५६ घनमीटर झाली. फिल्टरचे वजन १.९ मिलिग्रॅमने वाढले, तर धुळीचे प्रमाण घनमीटरला १.८ मिलिग्रॅम आले. प्रयोगशाळेने त्या धुळीत ८ टक्के सिलिका सांगितली. खाण-नियमांत अशा धुळीची मर्यादा १५ या आकड्याला सिलिकेच्या टक्केवारीने भागून काढतात. १५ भागिले ८ म्हणजे १.८७५. मोजलेला आकडा मर्यादेच्या आत आहे, असे म्हणून फाईल बंद करण्याचा मोह इथे होतो. परंतु तो मर्यादेच्या ९६ टक्के आहे. नियमित मोजमाप सहा महिन्यांतून एकदा करावे लागते. आकडा मर्यादेच्या ५० टक्क्यांवर गेला तर तीन महिन्यांनी आणि ७५ टक्क्यांवर गेला तर दर महिन्याला. म्हणजे या उदाहरणातल्या कामगाराला पुढच्याच महिन्यात पुन्हा पंप लावायचा आहे, आणि मधल्या काळात उगमाशी काहीतरी बदलायचे आहे. सिलिका दुप्पट झाली की मर्यादा निम्मी होते, हेही या भागाकारातून दिसते. नवा कठीण पट्टा लागला की जुने निकाल निरुपयोगी ठरतात ते यामुळेच.

धूळ जिथे निघते तिथेच दाबावी

इथला बराचसा माल मऊ असल्याने अनेक ठिकाणी सुरुंग न लावता रिपर (जमीन उकलणारा यंत्राचा दात) आणि एक्स्कॅव्हेटरनेच खोदकाम होते. खोदताना माल ओलसर असतो आणि धूळ तुलनेने कमी उडते. ती तयार होते रस्त्यावर: शेकडो फेऱ्यांखाली सांडलेला माल पिठासारखा बारीक होतो आणि प्रत्येक चाक तो उडवते. म्हणून खाणीतील धूळ-नियंत्रण म्हणजे सत्तर टक्के रस्त्याची देखभाल, असे मी नव्या माणसाला सांगतो (हा आकडा मोजलेला नाही, अनुभवाचा आहे). सांडलेला माल ग्रेडरने (रस्ता खरवडून सपाट करणाऱ्या यंत्राने) उचलावा, खड्डे बुजवावेत, कडेचे पाणी वाहून जाईल असा उतार ठेवावा आणि मग पाणी मारावे. नुसते पाणी मारून न झाडलेल्या रस्त्यावर चिखल होतो, आणि तो वाळला की आणखी बारीक धूळ होते.

पाण्याचा टँकर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मार्च महिन्यात एका वळणावर मी घड्याळ लावून उभा राहिलो. आठ वाजता टँकर गेला. साडेनऊला रस्ता पांढुरका दिसू लागला. दहाला टिप्परमागे लाल पडदा होता. टँकरची पुढची फेरी अकराची होती. वेळापत्रक कोणीतरी जानेवारीत केले होते आणि उन्हाप्रमाणे बदलले नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चढाचा तुकडा सकाळपासून कोरडाच होता. चालकाला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, चढावर पाणी मारले तर भरलेला टिप्पर मागे घसरतो.” त्याचे म्हणणे बरोबर होते. पण भरलेली गाडी चढावरच इंजिनचा जोर लावते आणि धूळही तिथेच सर्वाधिक उडते. उपाय असा की चढावर सलग पाणी न मारता पट्ट्यापट्ट्यांनी मारावे: काही मीटर ओले, काही मीटर कोरडे, म्हणजे चाकाला पकड राहते. टँकरच्या आडव्या नळीची भोके दर आठवड्याला तपासावीत. खड्ड्यातल्या गढूळ पाण्याने ती बुजतात आणि मग पाणी एकाच बाजूने धो-धो पडते.

ड्रिलिंग जिथे होते तिथे पाण्यासह ड्रिल किंवा धूळ शोषणारे यंत्र असावे. शोषकाची पिशवी वाऱ्याच्या दिशेने उघड्यावर झटकली, तर ते बसवून काही उपयोग झाला नाही. क्रशर आणि चाळणीच्या तोंडाशी झाकणे आणि फवारे, माल वाहणाऱ्या पट्ट्यावरून (कन्व्हेयर) माल पडण्याची उंची कमी, ट्रकवर ताडपत्री. नमुन्याच्या खोलीत छताचा पंखा बंद करून दळणयंत्राला शोषक जोडावा.

डंपर आणि एक्स्कॅव्हेटरच्या केबिनसाठी माझी एक घरगुती चाचणी आहे. सकाळी डॅशबोर्ड ओल्या फडक्याने पुसून त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा चिकटवावा आणि जेवणाच्या सुट्टीत पाहावा. कापड लालसर झाले असेल, तर दाराचे रबर गेले आहे, फिल्टर भरला आहे किंवा काच उघडी होती. काच का उघडली हे रागावून न विचारता विचारावे. बहुतेक वेळा एसी बिघडलेला असतो, किंवा मागच्या मदतनिसाची हाक ऐकू येत नाही. पहिल्याला मेकॅनिक लागतो, दुसऱ्याला वॉकीटॉकी किंवा मागचा कॅमेरा.

आवाज आणि हादरे

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे साधारण ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक आहे असे धरून मीटर आणावा. आठ तासांसाठी ८५ हा इशाऱ्याचा आणि ९० हा धोक्याचा आकडा आहे. ११५ च्या वर कानसंरक्षणाशिवाय कोणी जायचेच नाही. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नाही: तीन डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ‘८८ म्हणजे फक्त तीन जास्त’ असे कोणी म्हणाल्यास त्याला हे समजावून सांगावे. फाटका सायलेन्सर, सैल पत्रा, उघड्यावरचा कॉम्प्रेसर या गोष्टी आधी दुरुस्त कराव्यात. फोमचा इअरप्लग द्यायचाच असेल, तर स्वच्छ हातांनी तो बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवावा. लाल हातांनी नुसता टोचलेला प्लग कानाचे रक्षण करीत नाही, कान मात्र चिघळवतो.

हादऱ्यांची तक्रार कोणी ‘हादरे’ म्हणून करत नाही. चालक ‘कंबर धरली’ असे म्हणतो. आसनाचा स्प्रिंग चालकाच्या वजनाला जुळवणे आणि रस्ता सपाट ठेवणे हेच इलाज आहेत. ग्रेडर नियमित फिरला तर धूळ आणि कंबरदुखी दोन्ही कमी होतात, त्यामुळे खर्च मागताना ही दोन्ही कारणे एकाच अर्जात लिहावीत.

उकाडा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे घाम येतो, पण दमट हवेमुळे तो वाळत नाही, आणि शरीर थंड होत नाही. नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी उन्हात पूर्ण शिफ्ट देऊ नये. पहिल्या दिवशी साधारण पाचवा हिस्सा आणि मग रोज तेवढीच वाढ, असे करत आठवड्याभरात पूर्ण कामावर आणावे. उन्हातल्या जड कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला हवे, तहान लागो वा न लागो. सकाळी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे खाऊन येणारा जुना कामगार पोटात चहा आणि पाव घेऊन येणाऱ्या तरुणापेक्षा दुपारी टिकतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळू लागला, तर तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत थंड करणे थांबवू नये.

वैद्यकीय तपासणी आणि मागची वर्षे

खाणीत घेण्यापूर्वी प्राथमिक तपासणी आणि त्यानंतर निदान पाच वर्षांतून एकदा नियतकालिक तपासणी, हा खाण-नियमांचा जुना सांगाडा आहे. १९५२ चा खाण अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या २०२० च्या संहितेत सामावला आहे. तेव्हा चालू तरतुदींविषयी शंका असल्यास खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मडगाव येथील कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

गोव्यात प्राथमिक तपासणीला एक वेगळे वजन आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह परवानगी दिली, मार्च २०१८ पासून त्या पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ पासून एकेक करून काम सुरू होऊ लागले. या मधल्या वर्षांत माणसे रिकामी बसली नव्हती. कोणी चिरेखाणीवर दगड कापला, कोणी ट्रक चालवला, कोणी आखातात बांधकामावर गेला. आज नवा म्हणून येणारा पंचेचाळिशीचा ऑपरेटर फुप्फुसात आणि कानांत मागच्या वीस वर्षांचा साठा घेऊन येतो. म्हणून ‘आधीचा अनुभव’ या रकान्यात एक ओळ लिहून भागणार नाही. कोणत्या वर्षी, कुठे, कोणत्या यंत्रावर, पाण्यासह की कोरडे काम, हे सगळे निवांत बसून विचारावे. यात कामगाराला डावलण्याचा हेतू नाही हे आधीच स्पष्ट करावे, नाहीतर तो खोकला लपवतो.

छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण-चित्रांशी ताडून वाचणाऱ्या डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा. लोहाच्या धुळीचे डाग, सिलिकेचे डाग आणि क्षयाचे डाग अननुभवी डोळ्यांना सारखे वाटतात, आणि सिलिकोसिसच्या माणसाला वर्षानुवर्षे क्षयाची औषधे दिली जाणे हे आपल्या देशात नवीन नाही. फुंकून करायची फुप्फुस-चाचणी तीनदा घ्यावी. श्रवणचाचणी शिफ्टनंतर कधीही घेऊ नये. आदल्या रात्रीपासून कान शांत असावेत. आवाजाने गेलेले ऐकणे प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खाली जाते, तेव्हा आलेखात तिथे पाहावे. सिलिकोसिस, मँगनीजची विषबाधा आणि आवाजाने आलेले बहिरेपण हे आजार अधिसूचित आहेत. संशय पक्का झाला की त्याची सूचना द्यावी लागते, आणि ते कागद दडपणे हा गुन्हा आहे. निकालाची प्रत कामगाराच्या हाती द्यावी, कारण कंपनी बदलते, फाईल हरवते, आणि फुप्फुस तेच राहते.

आता मास्क

वरचे सगळे करूनही जो अंश उरतो त्यासाठी मास्क. रुमाल किंवा कापडी मास्क बारीक धुळीला अडवत नाही. आयएस ९४७३ ची आयएसआय खूण असलेला, कणांसाठीचा अर्धमुखी मास्क घ्यावा आणि तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसतो का हे तपासावे: दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडल्यावर कडेने हवा सुटता कामा नये. दाढी असेल तर सुटतेच. मे महिन्यात आठ तास मास्क लावून ठेवणे कोणालाही जमत नाही. म्हणून नमुन्याची खोली, फिल्टर साफ करणे, क्रशरची दुरुस्ती अशी तासाभराची कामे निवडावीत आणि तिथे तो सक्तीचा करावा. सर्वांना सर्वकाळ मास्क, हा आदेश फक्त कागदावर चालतो.

पावसाळा आणि त्यानंतर

जूनमध्ये धूळ बसते आणि वेगळी यादी सुरू होते. खड्ड्यातले पाणी उपसणाऱ्या पंपावरचा माणूस रात्रभर आवाजात आणि गुडघाभर पाण्यात असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नये, गमबूट पूर्ण उंचीचे द्यावेत, आणि ताप व पोटऱ्या दुखणे ही तक्रार एकत्र आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवून ‘हा खाणीच्या पाण्यात काम करतो’ असे चिठ्ठीवर लिहावे. पाऊस सरल्यावर रान साफ करणाऱ्या आणि मोजणी करणाऱ्या पथकासाठी गोचिडांकडे लक्ष ठेवावे. सत्तरीत २०१५ पासून गोचिडांवाटे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे असा असतो.

सप्टेंबरच्या मध्यावर, खनिज वाहतूक पुन्हा सुरू होण्याआधी, एक पूर्ण दिवस काढावा: टँकरची नळी उघडून साफ करावी, केबिनची रबरे बदलावीत, पंपांचे प्रवाह तपासून घ्यावेत, कंत्राटदाराच्या नव्या माणसांची यादी मागवावी, आणि भूगर्भतज्ज्ञाला पुन्हा विचारावे की यंदा कोणता खडक लागणार आहे.